गजभियेचा डावा पाय

आमची पलटण तेव्हा उत्तरेला, बर्फातल्या पोस्टवर होती. गस्तीची तुकडी परत आली की पहिलं काम फूट इन्स्पेक्शन, चहा नंतर. जवान ओळीने बसून मोजे काढायचे आणि सेक्शन कमांडर टॉर्च घेऊन एकेकाची बोटं तपासायचा. हवालदार श्रावण गजभिये या बाबतीत भलता खडूस. "बोटं हालव. अजून हालव. अंगठा काहून काळा दिसते बे?" त्याच्या सेक्शनमध्ये हिमदंशाने एकाचंही बोट कधी कापावं लागलं नाही.

सेक्शन कमांडरचे पाय बघायचे प्लाटूनच्या सुभेदाराने. सुभेदार मी. मी विचारायचो, "तुझे?" तो म्हणायचा, "ठीक हाय, साहेब." मी पुढे जायचो.

फौजेतली आणखी एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सैनिक संमेलनात कमांडिंग ऑफिसर विचारतात, "कोई तकलीफ?" सगळी पलटण सावधान होऊन ओरडते, "नहीं, साहब!" तकलीफ सगळ्यांनाच असते. पण तिथे बोलला तो कंपनीचं नाक कापतो, असं आम्ही मानायचो.

पेन्शनीत आल्यावर आम्ही दोघेही रायपूरला परतलो. मी गुढियारीत, वडिलांनी रेल्वेत असताना बांधलेल्या घरात. गजभिये बीरगावला, एका कारखान्याच्या गेटवर गार्ड. दिवसभर बूट घालून उभा. त्याला शुगर होतीच, हळूहळू तळवे बधिर झाले. तो हसण्यावारी न्यायचा. "बरंच झालं साहेब, आता फोड आला तरी मालूम नाही पडत."

मग एक दिवस डाव्या बुटाच्या तळातून खिळा वर आला आणि गजभियेने त्या खिळ्यावर अख्खी ड्यूटी केली. कळलं ते त्याच्या बायकोला, वहिनींना, मोजा धुताना.

समता कॉलनीत पायांची एक डॉक्टर बसते, पोडियाट्रिस्ट. पोरगी वयाने लहान, पण काम चोख. तिने जखम साफ केली, पायावर भार द्यायचा नाही म्हणून बजावलं आणि खास चप्पल दिली. खर्च सगळा खिशातून, कारण आमच्या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॅनलवर पायांचा डॉक्टरच नव्हता. सरकारी दवाखान्यातही ते पद नव्हतं. ती म्हणाली, "अंकल, यहाँ पैर काटने का इंतजाम है, बचाने का नहीं."

माझं डोकं फिरलं. माजी सैनिकांच्या संघटनेतर्फे मी निवेदन लिहिलं: सरकारी दवाखान्यात पायांचा डॉक्टर द्या, पॅनलवर हा इलाज घ्या. खेटे घालून आरोग्य खात्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांची वेळ मिळवली. डॉक्टर म्हणाली, "कागज तो वो रोज देखते हैं. उन्हें पैर दिखाइए." म्हणून गजभियेला सोबत घ्यायचं ठरलं. आमची सगळी केस म्हणजे त्याचा तो डावा पाय.

निघताना तो डॉक्टरने दिलेल्या चपलेत आला. मी म्हटलं, "साहेबांपुढे चपलेत जातोस? बूट घाल." त्याने घातले. पॉलिशही केलं.

संघटनेचे आणखी दोघे धरून आम्ही चौघे गेलो. अधिकारी भला माणूस, उठून हात मिळवला. मग खुर्चीवर रेलून त्यांनी विचारलं, "बताइए, फौजी भाइयों को कोई तकलीफ?"

काय झालं ते आजही सांगताना मान खाली जाते. चौघेही ताडकन उभे राहिलो. सावधान. सावधानला डावा पाय उचलून जमिनीवर आपटतात. गजभियेने तो आपटला, अगदी परेडवर आपटावा तसा. आणि चौघे एका सुरात, "नहीं, साहब!" सगळ्यात मोठा आवाज माझा.

अधिकारी खूश झाले. "वाह! आप लोग तो हमसे ज्यादा फिट हैं." चहा आला. मी चाचरत म्हटलं, "साहब, वो निवेदन…" ते म्हणाले, "देख लेंगे, छोड़ जाइए." आता कुठल्या तोंडाने पाय दाखवायचा? मी गजभियेकडे पाहिलं. तो चहा पीत होता.

निघताना पांढऱ्या फरशीवर, दाराजवळ, बुटाचा अर्धा ठसा उमटलेला दिसला. लाल. आम्ही जो पुरावा दाखवायला आलो होतो तो साहेबांच्या समोर पडला होता. मी काय केलं? फरशी घाण दिसू नये म्हणून माझ्या बुटाने तो पुसून टाकला.

त्यानंतर पाय चिघळला. पाय कापायला मात्र मंजुरी पटकन आली. पण विष कापलं त्याच्याही वर चढलं होतं. हवालदार श्रावण गजभिये दवाखान्यातच गेले.

वहिनींनी मला व्हरांड्यात विचारलं, "भाऊजी, तुमी तं सोबत होते ना? मंग काहून नाही सांगतलं?"

निवेदनावर अजून विचार सुरू आहे. मी जातो, आणि आता उभा राहत नाही. बसूनच सांगतो, "है साहब, तकलीफ है." गुढियारीच्या समाजभवनात आम्ही रविवारी फूट इन्स्पेक्शनही सुरू केलं. डॉक्टर येते. टॉर्च वहिनी धरतात. आमची म्हातारी फौज मोजे काढून ओळीने बसते.

परवा ओळ संपल्यावर वहिनी माझ्यापुढे थांबल्या. "अन् तुमचे पाय, भाऊजी?"

"ठीक आहेत," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

त्या हलल्या नाहीत. "बूट काढा."

मी खाली बसलो, पण लेस सुटेना, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी गजभियेला एवढंच तर म्हणायचं होतं. बर्फात म्हणायचं होतं, त्या साहेबांच्या खोलीत म्हणायचं होतं. मी त्याचा सुभेदार होतो आणि गजभियेने माझा हुकूम कधीच मोडला नव्हता.