गुळातल्या गोळ्या आणि तीन मॅगपाय

२०२१ साल. मी चौसष्ट वर्षांचा. सिडनीत लॉकडाऊन, आणि हॅरिस पार्कच्या एका बिल्डिंगमागच्या यार्डात तिसरा मॅगपाय मरून पडलेला. मॅगपाय म्हणजे कावळ्याएवढा काळापांढरा पक्षी. चोचीत रक्त होतं.

मी पेस्ट कंट्रोलवाला. शाळा चौथीपर्यंत, पण लायसन्स माझं स्वतःचं, तिसऱ्या खेपेला मिळवलेलं. रेस्टॉरंटं बंद पडली तसे तिथले उंदीर यार्डात आले. नियम असा, की विष कुलूपबंद डब्यातच ठेवायचं. त्याला बेट स्टेशन म्हणतात. पण उंदीर डब्यांकडे फिरकेनात. मग मी गावची रीत काढली. विष बेसन-गुळात मळलं आणि गोळ्या कचऱ्याच्या बिन्समागे ठेवल्या. चार दिवसांत उंदीर मरू लागले. आमच्या कंपनीचा मॅनेजर खूश, मी त्याहून.

मला बोलावलं होतं तळमजल्यावरच्या सुषमाने. तिची पोरगी इरा दोन वर्षांची. पार्कातले झोके बंद, म्हणून पोर दिवसभर यार्डात. मी म्हटलं, पक्ष्यांचा रोग असेल.

"काका, झाडावरचे पोपट मजेत आहेत. जमिनीवरचं वेचून खाणारेच मरतायत. इरापण जमिनीवरचंच उचलते."

"माझे डबे कुलूपबंद असतात. मला शिकवू नकोस."

"मग डब्याबाहेर काय आहे?"

मी रागानेच बिन्समागे गेलो. एक गोळी अर्धी टोचलेली. बाकीच्या जागा रिकाम्या. कुणी खाल्ल्या, सांगता येईना.

परत येऊन तिला म्हटलं, "पोरीला आत्ताच हॉस्पिटलात ने. विषाचं नाव लिहून देतो."

तिने कागद घेतला. पोरीला उचलून निघाली.

संध्याकाळी तिचा मेसेज आला. इराचं रक्त गोठायला वेळ लागत होता. हे विष असंच मारतं, आतल्या आत रक्त वाहून, काही दिवसांनी. औषध वेळेत सुरू झालं, पोर वाचली.

मॅनेजरला मी फोनवर खरं सांगितलं. तो म्हणाला, "कुणाशी बोलू नकोस, मेट. ऑफिस बघून घेईल."

लायसन्स पुढे रद्द झालंच. यार्डात काय बिघडलंय ते पक्ष्यांनी तीनदा सांगितलं होतं. मी डबे दाखवत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मास्क लावून मी उरलेल्या अकरा फ्लॅटांची दारं वाजवली. दोन पावलं मागे सरून प्रत्येकाला विचारलं, खाली विष मी टाकलं होतं, तुमच्या पोरांनी काही उचलून खाल्लंय का?