नावापुढचे गोल

गेल्या हिवाळ्यात लोणावळ्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये नरसंहारावरचा माहितीपट दाखवणार होते. लांबच्या देशातल्या निर्वासित पोरांसाठी मदत गोळा करायची, लोकांनाही चार गोष्टी कळाव्यात, असा बेत. शेजाऱ्याला म्हटलं, चल, रविवारी दुपारी घरी बसून काय माश्या मारायच्या? कान्ह्याहून लोकलनं गेलो. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. तो मुसलमान, मी मराठा, हे कुणाला सांगायची कधी वेळच आली नव्हती.

पडद्यावर एक म्हातारी बोलत होती. मारेकरी आले तेव्हा त्यांना तिचं घर कुणाला विचारावं लागलं नाही. बियाणं वाटायला शेजारच्याच मास्तरनं यादी केली होती, कुठलं घर कुठल्या जमातीचं याच्या खुणा घालून. तीच यादी त्यांच्या हाती पडली होती. मग तो कागद दाखवला. नावांपुढे शाईचे बारके गोल.

असले गोल मीही काढले होते.

गावच्या यात्रेच्या आवतणाची यादी माझ्याकडे असते. मागं दोन-तीन वर्षं यात्रा रोज्यांत आली. मुसलमानांच्या घरी भरदुपारी पंगतीचं बोलावणं कसं धाडायचं? म्हणून त्या नावांपुढे मी गोल काढायचो, म्हणजे वाढप्यांनी दिवस मावळल्यावर तिथं ताट पोचवायचं. आणि गेल्या दिवाळीनंतर दोघे जण मोटारसायकलवर आले, सर्व्हे करतोय म्हणाले, तर मी तीच यादी काढून दिली. वर चहा पाजला. गोल कसले ते विचारलं, तेही कौतुकानं सांगितलं. अक्षर चांगलंय म्हणाले, तसा मी फुगलो. माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती, देव जाणे. त्यांनी कागदाचा फोटो काढला, तेव्हाही मला काही वाटलं नाही.

पिक्चर संपला. लोक मदतीच्या डब्यापाशी थांबले होते. मला तिथं उभंच राहवेना. स्टेशनवरच्या बाकावर बसलो आणि शेजाऱ्याला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, शिव्या घाल, थोबाडीत मार, पण काहीतरी बोल.

तो रुळांकडं बघत म्हणाला, "म्हाईत हाय मला. ते माझ्याबी दारात आलते. मोबाइलात कागद दावला, घरात किती माणसं इचारलं. तुझं अक्षर तवाच वळखलं."

म्हणजे त्याला कळून महिना होऊन गेला होता. त्या महिन्यात आम्ही रोज सकाळी पारावर एकत्र चहा प्यालो होतो.

"मग मला बोलला का न्हाईस?"

"कसा बोलणार? तू चुकून दिलीस का जाणून, ते मला ठावं न्हवतं. इचारायचं भ्या वाटलं."

"माझं भ्या?"

"व्हय," तो म्हणाला. "तुझं."