लिस्बनचा हुकूम आणि आमची बैलगाडी

पेडण्याच्या बाजारात चहाच्या दुकानावर एक निवृत्त मास्तर भेटायचे. परवा म्हणाले, "लिस्बनला बसलेला तो हुकूमशहा वेडाच होता हो. गोव्यातल्या मूठभर फौजेला सांगतो, शेवटच्या माणसापर्यंत लढा!"

मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, पण हे मला पटलं नाही. म्हटलं, "मास्तर, वेडा कसला? त्याला इथं मेलेले शिपाई हवे होते. ते दाखवून जगापुढं रडायला."

"तुम्हाला काय हो ठाऊक?"

मला ठाऊक आहे ते असं.

तेव्हा आम्ही डिचोलीकडं राहायचो. गोवा सोडवायला भारताची फौज आत शिरली त्या सकाळी आई अडली होती. सुईण म्हणाली, "म्हापशाला इस्पितळात न्या, माझ्या हातात आता काय ना." बाबांनी गाडी जुंपली. मी आईच्या उशाशी. पुलाच्या तोंडाला पाकल्यांची, म्हणजे पोर्तुगीज शिपायांची चौकी. तिथं गाडीतून उतरायचं, मुंडासं काढायचं, शिपायानं मान हलवली की मग पुढं. बाबा उतरले आणि मुंडासं काखेत धरून उभे राहिले.

चौकीत कोणीच नव्हतं. पाकले पळाले होते.

आई कण्हत म्हणाली, "अहो, थंय कोण ना. चला ना."

"न विचारता गेलो आणि पलीकडं धरलं तर? येतील इतक्यात."

बाबांनी "सिन्योर!" अशी हाक घातली. मग आणखी एक. तेवढ्यात समोरचा पूल उडाला. जाताना सुरुंग लावून गेले होते. बैल बुजून मागं फिरले.

भारताची फौज वरच्या अंगाला उथळ पाण्यातून पार झाली. तिचं काही अडलं नाही. आई मात्र दिवस मावळायच्या आत गेली, पोटातल्या जिवासकट.

त्या माणसानं गोव्यात कधी पाऊल टाकलं नाही. त्याला वाटलं, माझ्या धाकानं माणसं मरायलासुद्धा उभी राहतील. तिथं तो फसला. त्याच्या शिपायांनी बंदुका खाली ठेवल्या आणि जीव वाचवले. बरं केलं. त्याच्या धाकात शेवटपर्यंत उभा राहिला तो माझा बाप, ज्याला त्यानं बंदूकसुद्धा दिली नव्हती.

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "पण तुमच्या बाबांनी तेव्हा गाडी पुढं घातली असती तर..."

"बाबांविषयी बोलायचं नाही," म्हणालो आणि उठलो.

आता मी दुसऱ्या दुकानात चहा पितो.