विहीणबाईंचा गट

आपलं वय कधी वाढतंय याची इतक्या उतावीळपणे वाट पाहणारी बाई मी जगात एकच पाहिली, आणि त्या माझ्या विहीणबाई. माझ्या जावयाची आई लांब पल्ल्याच्या शर्यती धावते. प्रौढांच्या शर्यतीत दर पाच वर्षांनी गट बदलतो. चोपन्न वर्षांच्या बाईला पन्नाशीच्या ‘पोरींबरोबर’ (हा त्यांचा शब्द) धावावं लागतं. तीच पंचावन्नची झाली की नव्या गटातली सगळ्यात तरुण ठरते. त्यामुळे चोपन्नावं वर्ष त्यांनी शिक्षा भोगल्यासारखं काढलं आणि पंचावन्नाव्या वाढदिवसाला गल्लीभर म्हैसूरपाक वाटला.

त्यांचं घराणं बेंगळुरूत कित्येक पिढ्यांचं, मराठीत निम्मं कन्नड. आम्ही पुण्याहून येऊन सर्जापूर रोडवर स्थिरावलेले. लग्न ठरवायला त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा नमस्कार करण्याआधी दारातच वाकल्या आणि माझ्या मुलीची चप्पल उलटी करून पाहिली. “टाचेवर भार टाकते,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “पण चाल सरळ आहे. सरी.” सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘ठीक’; पत्रिकेचा विषय निघालाच नाही. लग्नात रीतीप्रमाणे मी विहिणीचे पाय धुवायला बसले, तर दोन नखं काळीनिळी आणि एक जागेवरच नाही. आमच्याकडच्या बायका माना वाकड्या करून बघू लागल्या. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, “स्वल्प हळू हो अक्का, करंगळीचं उद्यापरवा पडणार आहे.” मी त्यांच्याहून वर्षाने मोठी, म्हणून अक्का.

हे खूळ लागलं चाळिशीनंतर, बेंगळुरूच्या शिवाजीनगरला. बस समोरून निघून गेली, म्हणून त्या भाजीच्या पिशवीसकट तिच्यामागे धावल्या आणि पुढच्या थांब्यावर तिला गाठलं. चढल्या मात्र नाहीत. आता गरज काय, असं त्यांना वाटलं. तेव्हापासून त्या कुठेही जायचं तर पळतच जातात, आमच्याकडेही पळतच येतात. पाठीवरच्या पिशवीत चटणीपुडीचा डबा असतो. मग गॅलरीच्या कठड्यावर पाय टाकून अर्धा तास ताणत उभ्या राहतात. माझे यजमान त्या वेळात पेपर दोनदा वाचतात.

गेल्या वर्षी मात्र त्या आल्या आणि पाय न ताणता खुर्चीत बसल्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पाच हजार मीटरच्या शर्यतीला पंचावन्नच्या गटात तीन नावं होती, आणि तिसरीचा गुडघा गेला होता. तीन जणी नसल्या तर गट मोडतात आणि उरलेल्यांना खालच्या गटात घालतात.

“पुन्हा त्या पोरींत धावू?” त्या म्हणाल्या. “वर्षभर वाट बघितली अक्का. ती म्हैसूरची उंच बाई आणि मी, अशी सरळ शर्यत व्हायला पाहिजे.”

“मग मी काय करू?”

“नाव द्या. नुसतं उभं राहायचं.”

विहिणीला नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. मी नाव दिलं. एक फेरी चालायची आणि पोट दुखतंय म्हणून बाहेर पडायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

मैदानावर आमच्या आधी सत्तरीच्या गटाला हाक झाली. पांढऱ्या टोपीतली एकच आजी पुढे आली, आणि इकडेतिकडे बघत राहिली. तिला पासष्टच्या बायकांत उभं केलं. ती सगळ्यांच्या शेवटी पोचली, पाणी प्यायली, पिशवी उचलून निघून गेली. “मागच्या खेपेला तीन होत्या,” विहीणबाई म्हणाल्या. मग बराच वेळ त्या बुटांच्या नाड्या बांधत बसल्या. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

आमची शर्यत सुरू झाली. विहीणबाई आणि म्हैसूरची बाई मला पुन्हापुन्हा मागे टाकून जात होत्या. दर वेळी शेजारून आवाज यायचा: “खांदे खाली, अक्का.” “बोलू नका, श्वास घ्या.” मी बोलतच नव्हते. पहिली फेरी संपली तेव्हाच मी थांबणार होते. बाहेर पडायची जागा समोरच होती. मला ती पांढरी टोपी आठवली आणि मी पुढे चालत राहिले. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

विहीणबाई हरल्या, हातभर अंतराने. पण चेहऱ्यावर असं समाधान की जिंकलेली बाईसुद्धा जरा चपापली. “बघितलंत? तिला कसा घाम फोडला,” त्या धावपट्टीबाहेरून मला म्हणाल्या, कारण मी अजून आतच होते. लोक तंबू उतरवत होते. पंच घड्याळाकडे बघत होते. विहीणबाई गवतावरून माझ्या बरोबरीने चालू लागल्या.

“हात द्या जरा,” मी म्हणाले.

“हात लावला तर बाद करतील तुम्हाला. चला. जेवायला बिसीबेळे केलंय.”

वळणापर्यंत त्या माझ्या पावलाला पाऊल जुळवत आल्या. मग समोर बघतच म्हणाल्या, “अक्का, सत्तरीला तुम्ही याल ना?”

मी व्यवहारी बाई आहे. पुढच्या आठवड्यातलं जेवणाचं आमंत्रणसुद्धा मी कॅलेंडर बघितल्याशिवाय स्वीकारत नाही.

“येईन,” मी म्हणाले. “पण तिसरी तुम्ही शोधा.”