कोणता तपकिरी?

आकुर्डी स्टेशनाबाहेरच्या गल्लीत इम्तियाजचाचांचं रिपेअरिंगचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, टीव्ही, काय वाट्टेल ते. माणूस कामाला एक नंबर, पण गिऱ्हाइकालाच कामाला लावायची भारी खोड. जळका पार्ट हातात द्यायचा आणि म्हणायचं, "वाच बेटा, रंग कोणते?" गल्ली म्हणायची, चाचांचा स्वभावच मास्तरकीचा. माझं मात्र डोकं फिरायचं. अहो, मी काय शाळेत आलेय?

त्या दिवशी तर मी आधीच तापलेली होते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बॅटरीवर चालणारी खुर्ची बंद पडली होती. झटका येऊन त्यांची डावी बाजू गेली, तेव्हापासून ती खुर्ची म्हणजेच त्यांचे पाय. रोज लिफ्टने खाली उतरायचे, गेटवर वॉचमनशी लातूरच्या गप्पा हाणायचे. खुर्ची थांबली तशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठवलं की म्हणायचे, "कशाला उठवायलीस? आता माझा कुणाला काय उपयोग?" मला रडूही यायचं आणि रागही, दोन्ही एकदम. खुर्ची बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली गेलेली, पार्ट कुठे मिळेना. शेवटी टेम्पोत घालून खुर्ची चाचांकडे आणली.

चाचांनी खुर्ची चालवायच्या दांड्याखालचं सर्किट उघडलं आणि चिमट्याने जिऱ्याहून जरा मोठा तुकडा काढला. अंगावर बारीक पट्टे, सगळे करपलेले.

"हा करंट आवरणारा रेझिस्टन्स गेलाय. चांगला असता तर मीटरने व्हॅल्यू सांगितली असती. जळाल्यावर मीटर गप्प, मग पट्ट्यांचे रंगच वाचायचे. वाच."

"तिन्ही तपकिरी," मी तोडून टाकलं.

"कोणता तपकिरी?"

झालं! माझा पारा चढला. "चाचा, तुमच्याच हातात आहे, तुम्हीच बघा की! तिकडे अण्णा भिंत बघत पडलेत आणि तुमची इथे परीक्षा चाललीय!"

चाचा चिडले नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि हळूच म्हणाले, "मला दिसत नाही, योगिनी. लाल, नारिंगी, तपकिरी, सगळं एकच. शुगरने डोळ्यांतले रंग नेले. गल्लीत कळलं तर दुकानात कोण येईल? म्हणून ज्याला त्याला विचारत बसतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं आम्ही या माणसाची चेष्टा करत होतो!

आणि मी कोण, तर चाकणला गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये पत्र्यांच्या रंगाची शेड तपासणारी. शिफ्टभर दुसरं काही करत नाही. तिथे असं दुकानातल्यासारख्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात बघून नुसतं "तपकिरी" म्हटलं असतं तर साहेबांनी गेटबाहेर काढलं असतं.

"उन्हात चला," मी म्हटलं.

पायरीवर बसून तुकडा उलटा केला. खालच्या अंगाला आच कमी लागली होती. पहिला पट्टा पिवळा, दुसरा जांभळा, स्पष्ट दिसले. तिसरा मात्र चहूबाजूंनी भाजलेला. लाल असेल, नाहीतर नारिंगी.

"त्या दोघांत दहापट फरक आहे बेटा," चाचा म्हणाले. "चुकीचा बसला तर तुझे अण्णा दांडा जरासा हलवतील आणि खुर्ची उधळेल. अंदाजाने मी टाकणार नाही."

अण्णा उधळत्या खुर्चीवरून पडताहेत, हे डोळ्यांपुढे आलं.

"आमच्याकडे पत्रा भट्टीत जास्त भाजला," मी म्हटलं, "की चांगल्या पत्र्याचे तुकडे मुद्दाम भाजून त्याच्याशी जुळवून बघतो. मूळ शेड कळते."

चाचांचा चेहरा खुलला. मीटरवर व्हॅल्यू बघून त्यांनी डब्यातून दोन नवे काढले, एक लाल पट्ट्याचा, एक नारिंगी, आणि दोन्हींना सोल्डरिंगचं तापलेलं टोक लावून धरलं. धूर निघाला. मी तिन्ही तुकडे पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले. नारिंगी करपून विटकरी झाला होता. लाल झाला होता काळपट तपकिरी, आमच्या तुकड्यासारखा, हुबेहूब.

"लाल!" मी ओरडलेच. पलीकडचा पानवाला दचकून बघायला लागला.

चाचांनी नवा बसवला, खुर्ची विटांवर चढवली आणि चाकं अधांतरी फिरवून पाहिली. हळू, शहाण्यासारखी फिरली. "कुणाला बोलू नको हं," ते निघताना म्हणाले. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी अण्णा खुर्चीवरून स्वतःच चाचांचे आभार मानायला गेले ते जेवायच्या वेळेलाही परत आले नाहीत. पुढच्या दिवशीही तेच. मग रोजचंच झालं. विचारलं तर म्हणायचे, "कामावर होतो." एकदा सुट्टीच्या दिवशी मी जाऊन पाहिलं. अण्णा दुकानाच्या पायरीशी, उजव्या हातात जळका तुकडा. "वरचा हिरवा. खालचा... थांबा राव, उन्हात धरू द्या की!" आणि चाचा निमूट थांबलेले.

त्या रात्री ताटावर बसल्यावर अण्णांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"योगे, एक सांगतो, कुणाला बोलू नको. इम्तियाजला रंग दिसत नाहीत बघ. मी गेलो नाही तर त्याचं अडतंय."

"अगंबाई, हो का?" मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.