अडाणी बंदुकीचे दहा कागद

ग्यानोबा सोनकांबळे यांच्या लेखी बंदुका दोनच प्रकारच्या होत्या. कारखान्यातून आली तशीच राहिलेली ती अडाणी, आणि जिची नळी बदलली, चाप हलका करून घेतला, दस्ता नवा बसवला ती शिकलेली. आमच्या नांदेडच्या रायफल क्लबात हे शब्द इतके रुळले होते की नवा मेंबर पहिल्याच रविवारी विचारायचा, "माझी कोणती?" मामा त्याची रायफल हातात घ्यायचे, उलटीसुलटी करून बघायचे आणि म्हणायचे, "बंदूक ऱ्हाऊ द्या, आधी तुमचं बघू."

सगळे त्यांना मामाच म्हणायचो. मूळचे बिलोलीकडचे. फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुकांचे मिस्त्री, म्हणून चोवीस वर्षं काढून हवालदार होऊन परतले आणि क्लबाची रेंज सांभाळू लागले. रेंज म्हणजे काय, गावाबाहेरची जुनी खदान, एक पत्र्याचं शेड, लाल झेंडा आणि लोखंडी कपाट. कपाटाची चावी मामांच्या गळ्यात. ती चावी आणि ते शेड हेच त्यांचं राज्य होतं, आणि राज्य ते राजासारखंच करायचे. रविवारी सकाळी सातला आले की कोणाला तरी बोलल्याशिवाय त्यांचा चहा घशाखाली उतरत नसे. बहुतेक वेळा मी सापडायचो.

माझं नाव बालाजी. अर्धापूरला माझी केळीची बाग आहे. वडिलांनी, शेषेरावांनी, रानडुकरांच्या त्रासामुळे परवाना काढून एक बावीस बोअरची रायफल घेतली होती. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपोआप नळीत येऊन बसते, अशी. वडिलांच्या हातून एकही डुक्कर मेलं नाही. पुढं पुढं तर डुकरांना तिच्या आवाजाची सवय झाली होती. वडील गेल्यावर मी रीतसर परवाना माझ्या नावावर करून घेतला आणि रायफल घेऊन क्लबात दाखल झालो. मामांनी तिचे स्क्रू घट्ट केले, नळी साफ केली, चार कंपन्यांच्या गोळ्या झाडून बघितल्या आणि एकीवर बोट ठेवलं. "हिला हीच मानवती. दुसरी घालू नका." तेव्हापासून माझी रायफल त्यांची लाडकी अडाणी झाली.

नेम हा शब्द मामांना आवडायचा नाही. ते ग्रुप म्हणायचे. पाच गोळ्या कागदावर कुठं पडल्या ते नंतर, आधी त्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते बघायचं. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर ते व्हर्नियरनं, म्हणजे दोन जबड्यांच्या मोजपट्टीनं, मोजायचे आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहायचे. असे दहा कागद झाल्याशिवाय कुठल्याच बंदुकीबद्दल बोलायचं नाही हा त्यांचा कायदा. "एक कागद खोटं बोलतो, बालाजीराव. दहा बोलत न्हाईत." मी एखादा सुंदर कागद घडी करून खिशात घातला की ते तो काढून घ्यायचे आणि बाकीच्या नऊ भिकार कागदांत परत ठेवायचे. असा राग यायचा! आज तोच राग आठवून बरं वाटतं.

गोळीला बोट लावू द्यायचे नाहीत. बावीसच्या गोळीचं शिसं उघडं असतं आणि त्यावर मेणाचा हात असतो. तो नसला तर शिसं नळीत चिकटत जातं आणि पुढची गोळी भरकटते. म्हणून गोळी धरायची ती मागच्या पितळी बुडाला. झाडण्याआधी डबा उघडून, मेण आहे ना हे बघायला, ते एकेक रांग बोटाच्या टोकानं चाचपायचे. वाणसामान तपासताना माझी माय करते तसं.

तीन वर्षांपूर्वी क्लबाचे सेक्रेटरी भुजंगराव यांनी आपली रायफल मुंबईच्या परवानाधारक कारागिराकडून शिकवून आणली. माझ्याच रायफलीची ती जुळी बहीण. आता तिला जाड नळी, हलका चाप, हाताच्या मापाचा दस्ता. भुजंगराव माणूस वाईट नाही, फक्त बोलल्याशिवाय राहवत नाही. क्लबाच्या सगळ्याच रायफली अशा करून घेऊ, असं त्यांनी चहाच्या वेळी काढलं.

"काय बी गरज न्हाई," मामा म्हणाले. "स्क्रू घट्ट असू द्या, मानवणारी गोळी घाला. अडाणी बी तेवढाच ग्रुप देती."

"मामा, पोरीला तुम्ही इंजिनिअर केलं," भुजंगराव हसत म्हणाले. "मग बंदुकीनंच काय घोडं मारलं? तिला का अडाणी ठेवून राहिलात?"

सगळे हसले. मीही हसलो. मामांचं तोंड मात्र लाल झालं. गळ्यातली चावी त्यांनी बाहेर काढली. "दसऱ्यानंतरच्या रविवारी दोन्ही झाडू. दहा-दहा कागद. बालाजीरावाची अडाणी मागं पडली तर ही चावी तुमच्या हातात." भुजंगराव नको नको म्हणत राहिले. फौजी माणसाची जीभ एकदा सुटली की सुटली.

दसऱ्याला मामा दरवर्षी नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. त्या वर्षीही गेले. आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. विळा, कोयता, पंप दुरुस्तीचे पाने आणि वडिलांची रायफल. जाताना मामांनी पन्नास गोळ्यांचा निवडून ठेवलेला डबा माझ्या हवाली केला होता. मी तोही पूजेत ठेवला. चांगलं काम आहे, हळदीकुंकू लागू दे म्हटलं.

रविवारी मामा रात्रभरच्या प्रवासानं सुजलेल्या डोळ्यांनी स्टेशनवरून थेट रेंजवर आले. तोवर गर्दी जमली होती. दोन्ही रायफली एकाच माणसानं झाडायच्या ठरल्या होत्या, क्लबातल्या सर्वांत स्थिर हाताच्या तनुजा मॅडमनी. वाळूच्या पिशवीवर टेकवून, पन्नास मीटरवरून. मॅगझिन मी भरल्या. बोटांना काही चिकटलं नाही, हात स्वच्छ राहिले, याचा मला आनंदच झाला. तेव्हा आपण किती बैल होतो हे मला पुढं कळलं.

भुजंगरावांच्या रायफलीचे दहा कागद सरासरी एकोणीस मिलिमीटर आले. माझ्या रायफलीचा पहिला कागद सव्वीस, मग तीस, मग पुढं पुढं वाढतच गेला. मामा एकेक मोजत होते आणि आकडा मोठ्यानं सांगत होते. सरासरी चौतीस. शेडमध्ये कोणी हसलं नाही. भुजंगरावच म्हणाले, "मामा, ते शेवटचे दोन सोडून द्या. काहीतरी झालं असंल."

"कागदावर पडलं ते पडलं," मामा म्हणाले. संध्याकाळपर्यंत थांबून त्यांनी दोन्ही रायफली साफ केल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि चावी टेबलावर ठेवली. आम्ही हाताला धरून थांबवत होतो. आठ दिवसांत ते लातूरला लेकीकडं, ज्योत्स्नाकडं, राहायला गेले.

त्यानंतर रविवार तेवढे राहिले. आता शेडमध्ये कोणी बोलत नाही, कागद मोजायला मोबाइल आहे, चहा गोड असतो आणि गोळ्या डब्यातून कोणीही उचलतं. मला फार चुकल्यासारखं व्हायचं. दोनदा फोन केला. "मजेत हाय," एवढंच बोलले.

यंदाच्या खंडेनवमीला मी देवघरात डोकावलो तर माय, लक्ष्मीबाई, मांडीवर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन गोळ्या पुसत बसली होती. एकेक. चकचकीत करून पाटावर मांडत होती.

"माय, हे काय करून राहिलीस?"

"किती चिकट असत्यात रे मेल्या! अशाच देवापुढं ठिवायच्या व्हय? म्या तर दरसाल पुसते."

दरसाल! मी तिथंच खाली बसलो. मामा माझ्या घरच्या भक्तीपायी राज्य सोडून गेले होते. मायला मी काहीच बोललो नाही. ती ऐंशीची आहे आणि तिनं वाईट काय केलं होतं?

मग मी एकच गोष्ट मनात घेतली. त्याच लॉटचे, पूजेत कधी न ठेवलेले दोन डबे माझ्याकडं उरले होते. भुजंगरावांना सांगून, तनुजा मॅडमना विनवून, तीच रायफल तिथूनच पुन्हा झाडून घेतली. न पुसलेल्या पन्नास गोळ्या, दहा कागद. मामांना त्यांची इज्जत परत न्यायची होती. घरी येऊन मोजले. आठ कागद अप्रतिम होते. तिसऱ्यात आणि नवव्यात मात्र एकेक गोळी पळाली होती. मी दोनदा बेरीज केली. मग आठ कागद पाकिटात घातले, दोन गाडीच्या डिकीत टाकले आणि लातूर गाठलं.

दार ज्योत्स्नानं उघडलं. मामा खुर्चीत होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा अजून धुरकट होता. गळ्याकडं माझी नजर आधी गेली. तिथं काही नव्हतं.

"जय भीम, मामा."

"जय भीम. केळीचा भाव पडला का काय, आमची याद आली ती?"

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं. खंडेनवमी, माय, लुगड्याचा तुकडा. 

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्याच सांजेला नळीत चिंधी वढली तर शिशाचे चमचम कण आले. कोरड्या गोळ्या झाडल्याबिगर तसे येत न्हाईत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? डबा उघडून बघायचं काम कोनाचं? माझं. उभ्या नोकरीत एकदा बघितला न्हाई, त्यो त्या दिवशी. लई थकलो होतो." त्यांनी ज्योत्स्नाला वही आणायला लावली. त्या तारखेच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सरासरी चौतीस. गोळ्या कोरड्या. चूक माझी, डबा बघितला नाही. "हारल्यामुळं न्हाई गेलो, बालाजीराव. जो डबा बघत न्हाई त्यानं चावी ठिवू नये. तीन वरसं रोज वाटतं, माझ्या आळसानं त्या बंदुकीची बेइज्जती झाली."

याच क्षणासाठी मी आलो होतो. पाकीट त्यांच्या हातात दिलं. "न पुसलेल्या गोळ्या, तनुजा मॅडमचा हात, तीच जागा. साडेअठरा. मामा, तुमची अडाणी जिंकली!"

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला आणलेल्या खोट्याचं काहीच वाटेना. त्यांनी कागद हातात घेतले. डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं एकेक सरकवत मोजले. मग पुन्हा मोजले.

"हे आठ हायत."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"बाकीचे दोन कुठं?"

"मामा, त्या दोन गोळ्या सोडा हो. वाऱ्यानं..."

"कुठं हायत?"

"डिकीत."

"आना."

पन्नाशीचा, बागाईतदार, दोन लेकरांचा बाप मी शाळेतल्यासारखा मान खाली घालून तीन जिने उतरलो आणि चढलो. मामांनी व्हर्नियर काढायला लावलं. जबडे स्वतः भोकांवर बसवायचे आणि आकडा ज्योत्स्नानं वाचायचा, असे दहाही कागद नव्यानं मोजले. तिसरा छत्तीस, नववाही छत्तीस. ज्योत्स्नानं बेरीज केली आणि दहानं भागून म्हणाली, "बावीस, बाबा."

"आन भुजंगरावाची एकोनीस."

"हो."

मला वाटलं, आपण या माणसाला दुसऱ्यांदा हरवायला एवढ्या लांब आलो. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो, आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत.

"म्हंजी खरीच हारली! मी न्हाई हारवली तिला. मेण असतं तरी हारलीच असती." त्यांनी धुरकट डोळा पुसला. "अडाणी हाय. आठ डाव गुमान बसती, दोन डाव पळती. शिकलेली पळत न्हाई. भुजंगराव बरोबर बोलला होता, म्या पोरीला शिकवलं आन बंदुकीच्या बाबतीत अडलो. लई बरं केलंत, बालाजीराव. आता झोप लागंल."

ज्योत्स्ना तोंडावर पदर धरून आत गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

मामांनी वही मांडीवर घेतली. 'चूक माझी' ही ओळ खोडली नाही. "ती हायच," म्हणाले. तिच्या खाली, डोळा कागदाजवळ नेऊन, एकेक अक्षर जोडत लिहिलं: न पुसलेल्या गोळ्या, दहा कागद, सरासरी बावीस. अडाणी तीन मिलिमीटरनं मागं. हार मान्य.

मग क्षणभर विचार करून आणखी एक ओळ घातली: आठ कागद पाकिटातून, दोन डिकीतून.

"मामा, हे कशाला?"

"झालं ते झालं," असं म्हणून त्यांनी वही आणि पेन माझ्यापुढं धरलं. "साक्षीदार म्हनून सही करा."

मी सही केली.