पुसलेली सनई

अमानवीय काही ऐकलं की मी आधी वायरिंग तपासतो. हा स्वभाव, आणि धंदाही... शहाद्यात मी जुने सिंथेसायझर जमवतो, दुरुस्त करतो.

रनाळ्याचे भटूअण्णा बँडवाले बंद पडलेला एक सिंथेसायझर घेऊन आले. तो वाजवणारा त्यांचा भाऊ वारला होता. भावाने त्यात सनईसारखा एक आवाज स्वतः बनवून ठेवलेला; गावातल्या कितीतरी मुली त्या आवाजावर सासरी गेल्या. आता लग्न त्याच्याच मुलीचं होतं.

"साहेब, भाऊना आवाज शे यामा. संभाळा," म्हणत अण्णांनी उदबत्ती काढली. वाद्य खोलण्याआधी त्याची पूजा, ही त्यांची पद्धत.

मी म्हणालो, "धूर बाहेर. आत काय आहे ते मला कळतं."

कळलं ते असं — बनवलेले आवाज आतल्या छोट्या सेलवर टिकून असतात. सेल काढण्याआधी ते उतरवून घ्यायचे. मी सवयीने आधी सेलच उपसला. मेमरी कोरी. तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

अण्णांना लगेच सांगितलं.

"गया?" एवढंच म्हणाले. उदबत्तीचा पुडा खिशात ठेवला. "काहीतरी टाकी द्या. पोरले सांगू नका."

मी एक तयार सनई टाकली. गुळगुळीत, कोणाचीच नसलेली. लग्नालाही गेलो, मशीन अडलं तर म्हणून.

निरोपाला अण्णांनी बँडच्या गाडीवर बटण दाबून स्वतःच वाजवायला घेतलं. आवाज माझा नव्हता. प्रत्येक सुराआधी बारीक घरघर... कोणी श्वास ओढावा तशी. गाडीत बसता बसता नवरी थांबली. तिची आई म्हणाली, "हाऊ त्यास्ना दम शे. असाच लागे त्यास्ले."

आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर वाकून स्पीकरची वायर तपासली. ठीक होती.

अण्णांनी मला टोपी-टॉवेल दिला.

"अण्णा, हे मी केलेलं नाही."

"दखा! मोठा मानूस, नाव नही लेत!"

टाळ्या पडल्या. सत्कारांना मी आयुष्यभर हसत आलो; माझा झाला तो न केलेल्या कामाचा. मान वर होईना.

लोकांच्या मोबाइलमध्ये तो आवाज आहे. नंतर मशीन तपासलं, तर त्यात मात्र माझी गुळगुळीत सनईच निघाली. कारण मला आजही सापडलेलं नाही.

टॉवेल दुकानात खुंटीवर आहे, हात पुसायला घेत नाही. आणि कोणी उदबत्ती काढली, की मी उठून पंखा बंद करतो.